उत्तर आल्याशिवाय

१

केळुसकरांच्या घरी एक वेळ देवपूजा चुकेल, पण रविवार सकाळचं ब्रेकचं तेल चुकणार नाही, असं वाडीत सगळे म्हणत. म्हणणाऱ्यांपैकी कोणाकडेच गाडी नव्हती, त्यामुळे त्यांचं बरं होतं. गिरगावातल्या त्या अख्ख्या वाडीत मिळून एकच गाडी, आणि तीही एका पारशी डॉक्टरनं वापरून झिजवलेली. काळी, विलायती, हँडब्रेक नुसता नावाला. उभी करायची तर चाकाखाली वीट लावावी लागे. पण तात्या केळुसकरांनी ती घेतली तेव्हा वाडीनं पेढे खाल्ले होते, आणि पेढे खाल्ले की नावं ठेवायचा हक्क आपोआप मिळतो.

तात्या थोरला, वसंत धाकटा. आईवडील लवकर गेले. तात्यानं लग्न केलं नाही, धाकट्याला वाढवलं, ठाकुरद्वारच्या मागच्या रस्त्याला छोटासा छापखाना काढला आणि तिथं त्याला आपल्या शेजारी उभं केलं. घरात तात्याचा शब्द शेवटचा. धाक म्हणून नव्हे, त्याला उलटून बोलावं असं कधी कोणाला वाटलंच नाही. त्याची हाक आली की ओ द्यायची, त्यानं काम सांगितलं की करायचं, आणि झालं की झालं म्हणून सांगायचं. वसंतचं लग्न झालं, नलिनी घरात आली, तीही याच वळणाची झाली.

त्या गाडीत ब्रेकच्या तेलाची डबी पुढे इंजिनापाशी नव्हती. ती ड्रायव्हरच्या पायाखाली होती. सतरंजी उचलून खालचं गोल झाकण काढलं की गाडीच्या तळाला एक भोक उघडं पडे. भोकाच्या एका बाजूला तेलाची डबी, आणि बाकीच्या जागेतून थेट वाडीची फरशी दिसायची. डबीचं बूच काढून तेल खाली गेलेलं दिसलं तर वरून भरायचं. एवढं काम एकट्याचं. पण नळ्यांमध्ये हवा शिरली असेल तर ती काढायला दोन माणसं लागतात. एक वर सीटवर पेडलपाशी, दुसरा खाली चाकापाशी पाना घेऊन. तेल दर रविवारी बघायचं आणि हवा मनात येईल तेव्हा काढायची, असा तात्याचा नियम होता. आणि तात्याच्या मनात फार वेळा येत असे.

वसंत वर अनवाणी बसायचा. तात्या म्हणायचा, "चप्पल काढ. आत तेल आहे की हवा, ते पायाला कळलं पाहिजे." मग स्वतः नुसत्या बनियनवर चाकाखाली आडवा व्हायचा, चाकामागच्या निपलला, म्हणजे हवा सोडायच्या बोंडाला, रबराची नळी लावायचा, नळीचं दुसरं टोक लोणच्याच्या रिकाम्या बरणीत सोडायचा आणि खालून आवाज द्यायचा.

"दाब."

वसंतनं पेडल दाबून धरायचं आणि सांगायचं, "दाबला."

ते ऐकल्यावरच तात्या पाना फिरवायचा. निपल सुटलं की तेल बुडबुडे घेऊन बरणीत यायचं आणि वसंतचा पाय पेडलसकट सावकाश तळाला जायचा. पाना पुन्हा आवळला जायचा.

"सोड."

"सोडला."

यात चूक केलेली तात्याला खपत नसे. "तुझं उत्तर आल्याशिवाय मी पाना फिरवणार नाही," तो सांगायचा, "आणि मी सांगितल्याशिवाय तू पाय उचलायचा नाही. निम्म्यात सोडलास तर हवा आत जाते." दाब, दाबला, सोड, सोडला. गॅलरीत उभ्या असलेल्या बायकांना ते पाठ झालं होतं. राधाबाई, पहिल्या मजल्यावरच्या, हसून म्हणायच्या, "भावाभावांची आरती सुरू झाली गं नलिनी. प्रसादाचा चहा टाक."

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई पेटली. तात्या कुठल्या मोर्चात नव्हता. छापखान्याला कुलूप नीट लागलंय का, ते बघायला गेला आणि गल्लीच्या तोंडाशी गोळी लागून पडला. पुढे सभा झाल्या, हार पडले, हुतात्मा म्हणून नाव घेतलं गेलं. वसंत त्या सगळ्यात खांद्यावर उपरणं टाकून नुसता उभा होता. रड म्हणून सांगायलाही त्याला तात्याच लागला असता.

२

गाडी बरेच महिने ताडपत्रीखाली पडून राहिली. ती पुन्हा निघाली ती नलिनीमुळे.

नलिनीची दोन बाळंतपणं फुकट गेली होती. पहिलं पाचव्या महिन्यात. दुसरं दिवस भरून झालं, पण मूल रडलं नाही. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते. तिचं माहेर दादरला हिंदू कॉलनीत. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी वसंतला बाजूला घेऊन सांगितलं, "कळा सुरू झाल्या की ताबडतोब इथं आणा. उशीर केलात तर या खेपेला मी मुलाचं सांगणार नाही, आणि बाईचंही सांगणार नाही." संप, हरताळ, मोर्चे यांचा काही नेम नव्हता. कधी ट्राम बंद, कधी टॅक्सी. घरची गाडी चालती असायला हवी होती.

म्हणून एका रविवारी वसंतनं ताडपत्री काढली. सतरंजी उचलली, झाकण काढलं. तेल थोडं खाली गेलं होतं. नव्या डब्यातलं तेल त्यानं बेतानं भरलं, बूच लावलं, चप्पल काढून सीटवर बसला आणि पेडल दाबून बघितलं. कडक लागलं. हवा नव्हती. तात्यानं शेवटची हवा काढली तेव्हा होतं तसंच होतं पेडल अजून, या विचारानं त्याला भरून आलं.

"दाब."

आवाज डाव्या बाजूच्या मागच्या चाकापाशी आला. मोठा नव्हता. खाली आडव्या पडलेल्या माणसाचा आवाज छातीतून येतो, तसा जरा दबलेला.

"दाबला," वसंत म्हणाला.

पाना कुरकुरला. वसंतचा पाय पेडलसकट सावकाश तळाला गेला.

"सोड."

"सोडला."

पाय उचलून झाल्यावर मग त्याच्या अंगावर काटा आला. तो खाली उतरला, गुडघे टेकून गाडीखाली बघितलं. वीट होती. फरशी कोरडी होती. पलीकडून नळावर भांडी घासण्याचा आवाज येत होता.

जुनं रबर, तो मनाशी म्हणाला. महिनोन् महिने पडून राहिलेल्या गाडीचं पेडल तळाला जाणारच. आणि कानाचं काय, गेलेल्या माणसाचा खोकलासुद्धा घरात वर्षभर ऐकू येतो, असं राधाबाईच म्हणाल्या होत्या. त्यानं पुन्हा झाकण उघडलं. आत्ताच काठोकाठ भरलेलं तेल चांगलं बोटभर खाली गेलं होतं.

३

लालबागला गिरणीच्या भिंतीला लागून शिवाचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक खड्डा. शिवानं गाडी खड्ड्यावर घेतली, बॅटरी घेऊन खाली उतरला आणि बराच वेळ शिव्या देत राहिला. त्यावरून तो मन लावून काम करतोय हे कळत होतं.

"शेठ, लीक कुठंच नाय," वर येऊन हात पुसत तो म्हणाला. "चारी चाकं बघितली. नळ्या सुक्या, रबरं टकाटक. ऑइल काय हवेत उडतंय तुमचं?"

"तेल कमी होतंय एवढं खरं."

"बसा वर. एकदा हवा काढून टाकतो, मनाचं समाधान."

वसंत वर बसला. शिवा खालून ओरडला, "हां, मारा शेठ!" वसंतनं दाबलं. "पकडून ठेवा! आता छोडा!" चारी चाकांचं झालं. दुसरा कुठलाही आवाज आला नाही. वसंतला इतकं हलकं वाटलं की त्यानं शिवाला समोरच्या हॉटेलात नेऊन चहा पाजला.

चहा बशीत ओतता ओतता शिवा म्हणाला, "पण शेठ, दुसऱ्या कुणाकडं जाऊ नका. आपल्याकडंच या."

"दुसऱ्या कोणाकडे गेलोच नाही."

"असं कसं? मागचं डावं निपल हल्लीच कोनीतरी खोललंय. बाकीच्या तिघांवर धूळ बसलेली, त्याच्यावर नाय." त्यानं चहा फुरकला. "हात चांगला आहे त्याचा, ते मानलं. बरोब्बर तेवढंच आवळलंय. पन माझ्याकडची गाडी म्हनजे माझ्याकडची."

वसंत उरलेला चहा प्यायला नाही.

४

आता इथं कोणी शहाणा माणूस म्हणेल, गाडी विकून टाकायची होती. वसंतही शहाणाच होता. पुढच्या रविवारी तो खाली गेला तो विकायच्या आधी एकदा नीट पुसून घ्यावी म्हणून. फडकं फिरवून झालं. मग तो सीटवर बसला. मग त्यानं चप्पल काढली.

"दाब."

खरं सांगायचं तर त्याला भीती वाटली नाही. वाटलं ते सुख. तो आवाज रोजचा होता, त्यात मेलेपण कुठं नव्हतं. जानेवारीपासून वसंत स्वतःच स्वतःला काय करायचं ते सांगत होता आणि त्यात पार थकून गेला होता. छापखान्यातले टाईप कधी बदलायचे, कोणाला उधारीवर कागद द्यायचा, पोलिसांनी पत्रकांबद्दल विचारलं तर काय बोलायचं, सगळं आपलं आपणच ठरवायचं. इथं नुसता पाय दाबायचा होता आणि उत्तर द्यायचं होतं.

"दाबला," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे वाहू लागले.

असे बरेच रविवार गेले. गाडी विकायचा विषय मागे पडला. गॅलरीतून नलिनीला त्याचा आवाज कधी कधी ऐकू यायचा. एकदा जेवताना तिनं विचारलं, "खाली कोणाशी बोलत होतात?"

"कोणाशी नाही. गाडी पुसत होतो."

"मला वाटलं..." ती म्हणाली आणि थांबली. मग पानात वरण वाढत म्हणाली, "बरं वाटलं हो ऐकून. कितीतरी दिवसांनी."

तिला नेमकं काय ऐकू आलं, हे विचारायचा वसंतला धीर झाला नाही.

तेल मात्र दर खेपेला बोटभर खाली जायचं आणि फरशीवर थेंब पडलेला नसायचा. मग एका रविवारी, "सोडला" म्हणून तो उतरला आणि डाव्या बाजूनं फिरून घरी निघाला, तेव्हा मागच्या चाकाआड त्याला लोणच्याची बरणी दिसली. तात्याची. ती माळ्यावर जुन्या ट्रंकेमागे होती, त्यानं स्वतः ठेवली होती. रबराची नळी तिच्यात सोडलेली होती. बरणी काठापर्यंत भरली होती आणि तेलातून बारीक बुडबुडे अजून वर येत होते.

त्यानं ती उचलली नाही. जरा वेळानं पुन्हा बघायला आला, तेव्हा तिथं नुसती वीट होती.

५

पुढच्या आठवड्यात वसंतचा घसा बसला. शब्द फुटेना. सवयीनं तो रविवारी खाली गेला, पेडलवर पाय ठेवला.

"दाब."

त्यानं दाबलं. तोंडातून नुसती हवा आली.

"दाब."

पेडल त्याच्या पायाखाली कडक राहिलं. खाली पाना वाजला नाही. कोणीतरी वाट बघत होतं.

"दाब," तिसऱ्यांदा आलं, अगदी पहिल्यासारखंच, ना चिडून ना ओरडून. मग काही नाही. वसंतनं झाकण उघडून बघितलं. तेल जिथल्या तिथं होतं.

म्हणजे आपण उत्तर दिलं तरच पाना फिरतो. ही साधी गोष्ट कळायला त्याला इतके दिवस लागले याची त्याला लाज वाटली आणि त्याच वेळी सुटल्यासारखंही झालं. रोग कळला की औषध सोपं. उत्तर द्यायचं नाही, बस्स. घसा सुटल्यावरही तो गप्प राहू लागला. खाली जायचा, तेल बघायचा, वर यायचा. हाक यायची आणि विरून जायची. तात्याला उत्तर न देता उठून जाताना आपण फार मोठं पाप करतोय असं त्याला वाटे, पण तेल कमी होत नव्हतं.

मग एके दिवशी ऑपेरा हाऊसपाशी ट्राम आडवी आली म्हणून त्यानं ब्रेक मारला, आणि चालत्या गाडीच्या तळातून, त्याच्या दोन पायांच्या मधून आवाज आला.

"दाब."

त्याच्या जिभेवर उत्तर आलंच होतं. त्यानं जीभ चावली ती रक्त येईपर्यंत. मागं कोऱ्या कागदाच्या रिमा होत्या, म्हणून बरं. त्या जागी माणूस असता तर, उतार असता तर, या विचारानं त्यानं गाडी कडेला घेतली.

नलिनीला नववा लागला होता. तिला हे सांगायचं त्यानं अनेकदा मनात आणलं. एकदा तर तिला जवळ बसवलं. ती म्हणाली, "काय हो?" तिचा चेहरा इतका उतरलेला होता, पोटावर हात इतका जपून ठेवलेला होता, की त्याच्यानं बोलवेना. पोटुशीच्या कानावर असलं काही घालू नये, हे तर शेंबडं पोरही सांगेल. बाळंतपण होऊ दे, मग गाडी भंगारात, असं त्यानं ठरवलं. तोवर तोंड मिटून ठेवायचं. ते तोंड त्याचं स्वतःचं होतं, त्याच्या ताब्यातलं होतं.

६

एका हरताळाच्या दिवशी दुपारी नलिनीला कळा आल्या.

रस्ते ओस पडले होते. टॅक्सी नाही, ट्राम नाही. वसंत नाक्यापर्यंत धावत जाऊन आला, एक व्हिक्टोरिया दिसली, पण गाडीवान घोडा सोडून बसला होता आणि काही केल्या ऐकेना. लालबाग-परळकडे मोठा मोर्चा निघालाय, गोळीबार होणार, अशी आवई उठली होती. राधाबाईंनी नलिनीला धरून जिना उतरवला, मागच्या सीटवर उशा रचून तिला आडवं केलं. बरोबर येणार होत्या, पण त्यांचा मुलगा सकाळपासून मोर्चात होता. त्यांचा पाय वाडीच्या दाराबाहेर पडेना.

"जा तू," त्या वसंतला म्हणाल्या. "आई वाट बघत असेल तिची. सावकाश ने हो."

तेल बघितल्याशिवाय गाडी काढायची त्याची छाती नव्हती. त्यानं सतरंजी उचलली, झाकण काढलं, वाकून आत पाहिलं. डबी भरलेली होती.

डबीच्या बाजूनं खालची फरशी दिसायला हवी होती. दिसलं ते पांढरं कापड. भोकाला जवळजवळ टेकलेलं, धुवट, नीळ दिलेल्या बनियनचं कापड. ते वर आलं आणि खाली गेलं. पुन्हा वर आलं, खाली गेलं. गाढ झोपेतल्या माणसाची छाती हलते तसं.

तो किती वेळ बघत होता कोण जाणे. मागून नलिनी कण्हली, "अहो, निघा ना."

तो उतरला आणि गाडीखाली बघितलं. काही नव्हतं. राधाबाई त्याच्याकडे बघत होत्या, म्हणून त्यानं चाकाखालची वीट काढली, जणू तेवढ्यासाठीच वाकला होता. मग झाकण लावलं, सतरंजी पसरली. खिशातला रुमाल काढून त्याची घडी दातांत धरली आणि दोन्ही टोकं मानेमागे घट्ट बांधली.

"हे काय?" राधाबाई म्हणाल्या.

त्यानं हातानं खूण केली, धूर, अश्रुधूर. त्यांना पटलं.

७

भायखळ्याच्या अलीकडेच पोलिसांनी अडवलं. लालबागचा रस्ता बंद होता. एका हवालदारानं मागच्या सीटकडे बघितलं, टोपी मागे सारली आणि म्हणाला, "वरळीवरून जावा. प्रभादेवी, गोखले रोड, टिळक पूल. पुलापलीकडं काय चाललंय ते मला नाय माहीत."

वसंतनं गाडी वळवली. वळणावर ब्रेक लागला. "दाब." तो गप्प. महालक्ष्मीला रस्त्यात दगड पडले होते. "दाब." तो गप्प. रुमाल थुंकीनं ओला झाला होता, जबडा दुखत होता, पण शब्द बाहेर पडत नव्हता आणि पेडल कडक होतं. प्रत्येक हाकेला त्याच्या काळजात कळ उठायची. माफ कर रे तात्या, तो मनात म्हणायचा. आज नाही. आजच्या दिवस नाही.

नलिनी डोळे मिटून पडली होती. कळ आली की सीटची कड मुठीत धरायची, गेली की सोडायची. प्रभादेवीनंतर कळा फार जवळजवळ येऊ लागल्या. एकदा ती म्हणाली, "या खेपेला रडेल ना हो?" त्यानं आरशात बघून जोरजोरानं मान हलवली. तिचे डोळे मिटलेले होते. तिला ते दिसलं नाही.

टिळक पूल चढताना गाडीनं धाप टाकली, पण चढली. पुलाच्या माथ्यावर आल्यावर त्याला सगळं दिसलं. पलीकडचा उतार, उताराच्या तळाशी दादरचा चौक, आणि चौकात रस्ताभर माणसं. लालबागकडून आलेला मोर्चा तिथं पोहोचला होता आणि सावकाश रस्ता ओलांडत होता. त्यांच्या मागं, दोन गल्ल्या सोडून, हिंदू कॉलनी. पोहोचलोच, त्याला वाटलं. उतारावर हळूहळू न्यायची, चौकात थांबायचं, माणसांना हात जोडायचे. बाळंतपणाची बाई आहे म्हटल्यावर मोर्चासुद्धा वाट देईल.

उतार लागला. त्यानं पाय पेडलवर ठेवला आणि दाबला. गाडी आवरली.

"दाब."

त्यानं दात रुमालात रुतवले.

"दाब."

घोषणा ऐकू येऊ लागल्या होत्या. पुढच्या रांगेत बायका होत्या, एकीच्या कडेवर मूल होतं. पेडल कडक होतं. अजून थोडं. अजून थोडंच.

"दाब."

मागं हालचाल झाली. नलिनी कोपरावर टेकून उठली होती. आरशात त्याला तिचा घामेजलेला चेहरा दिसला. वेदना क्षणभर थांबल्यासारखी ती शांत दिसत होती आणि खाली, गाडीच्या तळाकडे, कान देऊन ऐकत होती.

"अहो," ती म्हणाली, "भावोजी केव्हापासून हाका मारताहेत. उत्तर द्या ना."

वसंतनं मान हलवली. नाही, नाही. त्याच्या घशातून नुसता गुरगुरल्यासारखा आवाज निघाला. एक हात स्टिअरिंगच्या चाकावरून सोडून त्यानं मानेमागची गाठ धरली. गाठ त्यानंच बांधली होती, घट्ट, आणि थुंकीनं भिजून ती जास्तच आवळली होती. नखं लागेनात. गाडी डावीकडे ओढली, म्हणून त्याला हात पुन्हा चाकावर न्यावा लागला.

"असं ताटकळत ठेवू नये त्यांना," नलिनी म्हणाली. तिनं खांद्यावरून घसरलेला पदर ओढून डोक्यावर घेतला, थोरल्या दिरासमोर घ्यायची तसा. आणि पुढे वाकून, स्पष्ट, आदबशीर आवाजात तिनं सांगितलं,

"दाबला, भावोजी."

खाली पाना फिरला. वसंतच्या पायाखालचं पेडल मऊ झालं आणि सावकाश, अगदी सावकाश, तळाला गेलं.